कानातली शिट्टी आणि तपासणीची खोली

दिवाळी उरकते, कूलर झाकले जातात, रात्री पंखाही बंद होतो, आणि इंदुरात कानातल्या आवाजाची (टिनिटसची) तक्रार घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढते. फटाक्यांचा त्यात वाटा असतो, पण त्याहून मोठा वाटा शांततेचा. उन्हाळाभर कूलरच्या घरघरीत दबून राहिलेला आवाज नोव्हेंबरात उघडा पडतो आणि माणसाला वाटतं, हे परवाच सुरू झालं. म्हणून श्रवणतपासणीच्या खोलीत आमचा पहिला प्रश्न 'कधीपासून?' असा असला, तरी त्याच्या उत्तरावर आम्ही फारसे विसंबत नाही.

वर्णनं तऱ्हेतऱ्हेची येतात. कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला कुकरची शिट्टी, कुणाला नुसतं सायं सायं. परदेशीपुऱ्याकडचे जुने गिरणी कामगार 'साचेखातं (गिरणीतला मागांचा विभाग) चालू आहे' म्हणतात. आम्ही ते सगळं लिहून घेतो, मात्र पुढची दिशा ठरते ती दोन साध्या प्रश्नांवर. आवाज एकाच कानात आहे की दोन्ही? आणि सलग आहे की नाडीच्या ठेक्यावर?

दोन्ही कानांत, सलग, हळूहळू जाणवू लागलेला आवाज हा सर्वांत नेहमीचा प्रकार. तो बहुतेक वेळा वयाने किंवा गोंगाटाने कमी झालेल्या ऐकण्यासोबत येतो. त्यात धोक्याचं सहसा काही नसतं आणि त्यासाठी स्कॅन करायचीही गरज नसते. एकाच कानात सलग आवाज असेल, किंवा दोन कानांच्या ऐकण्याच्या आलेखात सलग दोन फ्रिक्वेन्सींवर, म्हणजे सुरांच्या पट्ट्यांवर, 15 डेसिबलहून जास्त फरक निघाला, तर कान-नाक-घशाचे डॉक्टर कानाच्या नसेचा एमआरआय सांगतात. कानाच्या व तोलाच्या नसेवर हळू वाढणारी, कर्करोगाची नसलेली एक गाठ असते. ती सापडली तर लवकर सापडलेली बरी. एमआरआयचं नाव निघालं की घरच्यांचे चेहरे पडतात. प्रत्यक्षात अशा बहुतेकांचा एमआरआय नॉर्मल येतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेवढं आधीच सांगावं, कारण तपासणीत शिरेतून रंगद्रव्य देतात.

ठेक्याचा आवाज वेगळा. 'आवाजाबरोबर टेबलावर बोट वाजवा' असं सांगून दुसऱ्या हाताची नाडी आम्ही धरतो. दोन्ही जुळले तर प्रश्न रक्तप्रवाहाचा. रक्तक्षय, थायरॉइडचा जोर, मानेतल्या किंवा कानाजवळच्या रक्तवाहिनीतला दोष, मधल्या कानातली रक्तवाहिन्यांची गाठ, यांपैकी काहीही निघू शकतं. वजन जास्त असलेल्या तरुण बाईला ठेक्याचा आवाज, डोकेदुखी आणि वाकल्यावर क्षणभर अंधारी हे तिन्ही असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडद्यामागची नस लगेच तपासून घ्यावी लागते. मेंदूभोवतालच्या द्रवाचा दाब वाढलेला असला तर नजर जाऊ शकते. नाडीशी न जुळणारी टक टक असेल तर ती टाळूच्या किंवा मधल्या कानातल्या बारीक स्नायूंची उबळ असू शकते.

आणि एक प्रकार असा, की ज्यात रांगेत बसायचंच नाही. सकाळी उठल्यावर एक कान बंद, आत सूं असा आवाज. घरी हमखास म्हणतात, 'दडे बसले असतील, वाफ घे.' आतल्या कानाचं ऐकणं 72 तासांच्या आत, सलग तीन फ्रिक्वेन्सींवर 30 डेसिबल किंवा अधिक घसरलं असेल, तर ती तातडीची बाब असते. घरी ओळखायला एक सोपी युक्ती आहे: तोंड मिटून 'हूं' असा सूर धरा. मळ किंवा सर्दीने कान बंद असेल तर हूंकार बंद कानात मोठा ऐकू येतो; नस अधू झाली असेल तर चांगल्या कानाकडे जातो. आमच्याकडे 512 हर्ट्‌झचा नादकाटा कपाळावर टेकवून हेच पाहतात. नसेचा प्रकार असेल तर डॉक्टर स्टेरॉइड देतात, साधारणपणे वजनाच्या किलोमागे 1 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, जास्तीत जास्त रोज 60 मिलिग्रॅम. पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर उत्तम. दोन आठवड्यांनंतर आशा बरीच कमी होते. मधुमेह असेल तर साखर रोज पाहावी लागते, किंवा औषध पडद्यातून थेट मधल्या कानात टोचतात. 'चार दिवस कानात थेंब घालून पाहिले' हे वाक्य ऐकलं की आम्हाला खरोखर वाईट वाटतं.

तातडीचं काही नसेल तर आधी दुर्बिणीने कानात डोकावणं. मळाचा घट्ट बोळा पडद्याला टेकला की नुसत्या त्यानेही आवाज येतो, आणि तो काढल्यावर जातो. अर्थात मळ निघाला आणि आवाज राहिला, असंही होतं, म्हणून आधीच मोठी आशा दाखवायची नाही. मळ काढण्यापूर्वी तीन ते पाच दिवस तो नरम करणारे थेंब. पाणी मारून काढायचा असेल तर पाणी 37 अंशांचं, म्हणजे अंगाच्या उबेचं हवं. गार किंवा गरम पाण्याने आतल्या कानातला द्रव हलतो आणि माणूस खुर्चीतच गरगरतो. पडद्याला भोक असेल तर पाणी मारायचंच नाही. लसूण घालून तापवलेलं तेल माळव्यातल्या घराघरांत अजून कानात पडतं. त्याने आवाज कमी होत नाही. पावसाळ्यात मात्र ओल्या, तेलकट कानात बुरशी धरते आणि ओल्या वर्तमानपत्रासारखा काळा-पांढरा लगदा उपसत बसावं लागतं. इअरबड मळ बाहेर काढण्याऐवजी आत ठासतात, हे सांगून सांगून आमची तोंडं दुखली.

मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी. हिच्यासाठी येताना आदल्या दिवसापासून गोंगाट टाळावा. निदान 14 तास. रात्रपाळी करून पीथमपूरच्या कारखान्यातल्या प्रेस शॉपमधून थेट तपासणीला आलेल्या माणसाचा आलेख खऱ्याहून वाईट येतो, कारण गोंगाटाने दमलेला कान सावरायला वेळ घेतो. तपासणी आवाजबंद खोलीतच व्हावी. दुकानाच्या काउंटरमागे, बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू असताना केलेल्या 'फुकट तपासणी'च्या आलेखावर विश्वास ठेवू नये. तपासणाऱ्याची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, हे खुशाल विचारावं.

खोलीत हेडफोन लावून बटण हातात देतात. सुरुवात चांगल्या कानापासून, 1000 हर्ट्‌झला. मग 2000, 4000, 8000, पुन्हा एकदा 1000, आणि शेवटी 500 व 250. आवाज ऐकू आला की 10 डेसिबलने उतरवायचा, नाही आला की 5 ने चढवायचा. चढत्या क्रमात निम्म्याहून अधिक वेळा जिथे बटण दाबलं जातं, तो त्या जागेचा उंबरठा. 25 डेसिबलपर्यंत नॉर्मल धरतो. नेमका घोळ होतो तो कानात आवाज असणाऱ्यांचाच: आमचा बारीक सूर कोणता आणि त्यांची शिट्टी कोणती, हे कळत नाही. काही जण सतत बटण दाबत राहतात, काही अजिबातच दाबत नाहीत. अशा वेळी सलग सूर न देता तुटक, टुक-टुक-टुक असा किंवा थरथरता सूर द्यायचा. तो शिट्टीतून वेगळा उठतो. नंतर कानामागच्या हाडावर यंत्र ठेवून तीच मोजणी. हवेतून कमी आणि हाडातून नॉर्मल आलं तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात. दोन्हीकडून सारखंच कमी आलं तर आतल्या कानात.

आलेखावरची एक खूण इंदुरात वारंवार दिसते: 4000 हर्ट्‌झला खड्डा आणि 8000 ला थोडी सुधारणा. ही गोंगाटाची सही. विणाईच्या साचेखात्यात 95 ते 100 डेसिबलचा कल्लोळ असतो आणि 85 डेसिबल ही आठ तासांची सुरक्षित मर्यादा मानली जाते. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 88 ला चार तास आणि 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. जुने कामगार विचारतात, 'अहो, हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, मग आवाज आत्ता कसा सुरू झाला?' गोंगाटाने झालेलं नुकसान मिलच्या भोंग्याबरोबर थांबलं, ते खरं. पण उरलेल्या भांडवलातून वय दरवर्षी थोडं थोडं काढत राहतं, आणि साठीत एक दिवस शिल्लक कमी पडते.

आलेख झाला की शिट्टी मोजायची. आम्हाला विचाराल तर उपचाराची खरी सुरुवात इथेच होते. एकामागून एक दोन सूर ऐकवायचे: 'काका, तुमचा आवाज पहिल्यासारखा की दुसऱ्यासारखा?' असं करत करत 3000, 4000, 6000 यांपैकी एकावर गाडी थांबते. थांबल्यावर त्याच्या दुप्पट आणि निम्म्या फ्रिक्वेन्सीचा सूर देऊन खात्री करायची, कारण एका सप्तकाची गफलत सर्रास होते. गाणं शिकलेल्यांचीही. मग तोच सूर उंबरठ्यापासून एक-एक डेसिबलने चढवत आतल्या आवाजाच्या बरोबरीला आणायचा.

'काका, उंबरठ्याच्या वर 6 डेसिबल.'

'म्हणजे केवढा?'

'म्हणजे बेताचाच.'

'शक्य नाही. मला तर बाजूला कुणी बोललेलं ऐकू येत नाही त्याच्यापायी. पुन्हा मोजा.'

पुन्हा मोजलं तरी 5, नाहीतर 7 येतात. बहुतेकांचं हे माप 10 च्या आतच असतं. दुखावलेल्या कानात आवाज झपाट्याने मोठा भासू लागतो, त्यामुळे 6 म्हणजे निव्वळ कुजबुज असंही म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट ठाम आहे: हा आकडा आणि माणसाचा त्रास यांचा मेळ बसत नाही. त्रास मोजायला वेगळी प्रश्नावली आहे, 25 प्रश्नांची. 'हो'ला 4, 'कधी कधी'ला 2, 'नाही'ला 0, एकूण 100. 16 पर्यंत नगण्य, 38 पासून मध्यम, 58 पासून तीव्र, 78 पासून अतितीव्र. 3 डेसिबलच्या शिट्टीपायी 80 गुण झालेली बाई आणि 12 डेसिबल बाळगूनही 10 गुणांत मजेत असलेला माणूस, दोघंही एकाच बाकावर बसलेले असू शकतात. उपचार या गुणांवर करायचा असतो, डेसिबलवर नाही. बाजूचं बोलणं ऐकू येत नाही ते शिट्टीमुळे नव्हे, 4000 च्या खड्ड्यामुळे. शिट्टी त्याच खड्ड्यातून निघालेली. काकांना हे आलेखावर बोट ठेवून दाखवलं की निम्मी लढाई तिथेच होते.

खड्ड्यातून आवाज कसा निघतो? आतल्या कानात सुमारे 3500 आतल्या आणि 12000 बाहेरच्या केसपेशी असतात. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांच्याकडून येणारा संदेश तुटला की मेंदू त्या पट्ट्यापुरता आपला आवाज-बटण वर नेतो, आणि रिकाम्या तारेतली खरखर ऐकू यायला लागते. गाठ काढताना कानाची नसच कापावी लागलेल्या अनेकांना त्यानंतरही आवाज येत राहतो, यावरून त्याचं बिऱ्हाड कानात उरलेलं नाही हे कळतं. आणि नॉर्मल ऐकू येणाऱ्यांनाही पूर्ण शांततेत काहीतरी ऐकू येतंच. 1953 साली हेलर आणि बर्गमन यांनी नॉर्मल कानांच्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर 94 टक्क्यांनी आवाज ऐकल्याचं सांगितलं. फरक पडतो तो मेंदू त्या आवाजाला 'धोका' म्हणून नोंदवतो तेव्हा. मग झोप उडते, झोप उडाली की पहारा वाढतो, पहाऱ्यामुळे आवाज आणखी पुढे येतो.

यानंतर हमखास येणारी मागणी: 'एखादी चांगली गोळी द्या ना.' आवाज बंद करणारी गोळी आज नाही. जिन्कगो, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस अमेरिकेच्या कान-नाक-घसा अकादमीनेही 2014 च्या मार्गदर्शिकेत नाकारली आहे. बीटाहिस्टिन ही गोळी मेनिअर या आतल्या कानाच्या आजारातल्या चकरेसाठी देतात. नुसत्या शिट्टीवर त्याचा उपयोग दिसलेला नाही. शाकाहारी मंडळींत बी-12 कमी निघतं. ते भरून काढावं, पण शिट्टी जाईल या आशेने नव्हे. उलट काही औषधंच आवाज आणतात: जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, सिस्प्लॅटिन, शिरेतून दिलेलं फ्युरोसेमाइड, क्विनाइन, मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन. हृदयासाठी चालू असलेली 75 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन या गणतीत सहसा येत नाही; ती आपल्या मनाने बंद करण्याचा उद्योग कुणी करू नये. क्षयरोगाची इंजेक्शनं चालू असताना शिट्टी सुरू झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

ऐकणं कमी असलेल्यांसाठी पहिला उपाय श्रवणयंत्र. बाहेरचे बारीक आवाज मेंदूला पुन्हा मिळू लागले की तो आपलं बटण थोडं खाली आणतो. काकांसारख्या आलेखाला, जिथे खालचे सूर शाबूत आणि वरचे गेलेले असतात, कानामागचं यंत्र आणि छिद्रं असलेला उघडा डोम (कानात बसणारी मऊ टोपी) लागतो. कान बुजवणारा बंद साचा घातला तर शिट्टी उलट वाढते, आणि बहुतेक वैतागून परत आलेली यंत्रं आम्हाला अशीच दिसतात. दोन्ही कान कमी असतील तर दोन यंत्रं. सुरुवातीला आवाज गरजेपेक्षा थोडा कमी ठेवून तीन-चार आठवड्यांत चढवतात. रोज आठ तास तरी घालावं. 'लग्नाला जाताना घालतो' याने काही साधत नाही. 312 नंबरचा सेल साधारण आठवडाभर पुरतो. पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावं, नाहीतर ओल शिरून रिसीव्हर बसतो. ऐपत नसेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्र मिळू शकतं, एम. वाय. हॉस्पिटलमध्ये किंवा जिल्हा पुनर्वसन केंद्रात चौकशी करावी.

ऐकणं नॉर्मल असो वा नसो, रात्रीची निपट शांतता मोडायची. पंखा, पावसाचा किंवा नदीचा ध्वनी, उशीजवळचा छोटा स्पीकर, काहीही चालेल. पातळीबद्दल मात्र हट्ट धरा: बाहेरचा आवाज शिट्टीपेक्षा किंचित खाली, दोन्ही ऐकू येतील असा. शिट्टी पूर्ण झाकून टाकली तर मेंदूला तिची सवय होण्याची संधीच मिळत नाही. इअरफोनवर मोठमोठ्याने गाणी लावून झोपणारी पोरं शिट्टी झाकतात आणि वर नवीन नुकसान करून घेतात.

गुण 38 च्या वर असतील तर समुपदेशन टाळू नये. विचार-वर्तन उपचारपद्धतीचा पुरावा या सगळ्यात सर्वांत भक्कम आहे. आठवड्याला एक अशा सहा ते दहा बैठका, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. 'मला काय वेड लागलंय?' असं म्हणून निम्मे लोक इथेच गळतात. तिथे आवाजावर नव्हे तर 'हा वाढत जाऊन मी बहिरा होणार' यासारख्या विचारांवर, झोपेच्या वेळांवर, टाळल्या गेलेल्या कामांवर काम होतं. शिट्टीपायी जगणं नको वाटू लागलं असेल तर बैठकीची वाट पाहायची नाही. मानसिक आधारासाठीचा टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

थोडे लोक असे, ज्यांच्या कारणावरच इलाज आहे. मधल्या कानातलं सर्वांत छोटं हाड जखडल्यामुळे ऐकणं कमी झालेल्या तरुण बायका, ज्यांचा त्रास बाळंतपणात वाढलेला असतो. त्या हाडाच्या शस्त्रक्रियेने ऐकणं सुधारतं आणि बऱ्याच जणींचा आवाजही ओसरतो. मेनिअर असेल तर वीस मिनिटं ते बारा तास टिकणारी गरगर, कान भरल्यासारखा वाटणं आणि जाड घुमणारा आवाज हे एकत्र येतात. तिथे मीठ कमी करायला सांगतात, दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. याचा पुरावा फार बळकट नाही, पण करून पाहण्यासारखं आहे. फक्त पोह्यांवरची मूठभर सेव, लोणचं आणि पापड हिशेबात धरायचे, आणि इंदुरी माणसाला औषधापेक्षा हेच जड जातं.

रंगपंचमीच्या गेरमध्ये (मिरवणुकीत) किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांसमोर (चित्ररथांसमोर) डीजेच्या भिंतीजवळ उभं राहिल्यावर कान वाजले तर ते सहसा एक-दोन दिवसांत थांबतं. दोन दिवसांनंतरही राहिलं, किंवा ऐकणं कमी वाटलं, तर तपासणी. पुढच्या वेळी फोमचे बोळे: बोटांत दाबून बारीक सुरळी करायची, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सारून फुगेपर्यंत वीसएक सेकंद धरून ठेवायचं. बाहेर अर्धा लोंबणारा बोळा काहीच अडवत नाही. कापूस तर नुसता देखावा. घरात, ऑफिसात, रस्त्यावर मात्र बोळे घालून फिरू नये. शांततेने शिट्टी वर येते आणि साध्या आवाजांचीही भीती बसते.

यंत्र किंवा ध्वनी सुरू झाल्यावर तीन आणि सहा महिन्यांनी तीच 25 प्रश्नांची यादी पुन्हा भरून घेतो. 20 गुणांनी उतरले तर फरक पडला असं धरतो. डेसिबलचं माप बहुधा होतं तिथेच असतं, आणि काका विचारतात, 'मग उपयोग काय झाला?' त्यावर आम्ही त्यांच्या काकूंकडे बघतो. टीव्हीचा आवाज किती खाली आला, रात्री किती वेळा उठतात, हे त्याच खरं सांगतात. सर्दी, जागरण, घरातलं आजारपण यांत शिट्टी काही दिवस पुन्हा चढते. तेव्हा यंत्र काढून ठेवायचं नाही, रात्रीचा ध्वनी आहे त्याच पातळीवर चालू ठेवायचा आणि आठवडाभर वाट पाहायची. चढ एकाच कानात असेल किंवा सोबत ऐकणं घसरलं असेल, तर मात्र आठवडाही थांबायचं नाही. तोंड मिटून 'हूं' करून बघायचं आणि त्याच दिवशी यायचं.